नऊ मुलांना वाचता येत नाही

उषा घोरपडे आमच्या शाळेत रुजू झाल्या, त्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी माझी चूक दुरुस्त केली. फळ्यावर मी सुविचार लिहिला होता आणि त्यात 'विद्यार्थि' असा शब्द पडला होता. बाईंनी ऱ्हस्व वेलांटी बोटाने पुसली, खडू घेऊन दीर्घ काढली आणि मग मागे वळून मला नमस्कार केला. "सर, मी उषा घोरपडे. आजपासून इथे."

मी पंढरी गुरव, मूळचा केजकडचा. नोकरीमुळे पालघर जिल्ह्यात आलो आणि इथलाच झालो. घिवलीच्या बाजूला किनाऱ्याने गेलं की मच्छीमारांची एक लहानशी वाडी लागते. तिथली दोन खोल्यांची शाळा माझ्याकडे होती. पहिली-दुसरी मी शिकवायचो, तिसरी ते पाचवी बाई. मुख्याध्यापक मीच आणि घंटा वाजवणाराही मीच.

बाईंचं घर बोईसरजवळ सरावलीला. त्यांचे वडील खंडेराव खटावहून तारापूरच्या कारखान्यात बॉयलरवर कामाला आले होते. त्यांच्या गावठी बोलण्याला ऑफिसातले लोक हसायचे. ते त्यांच्या इतकं जिव्हारी लागलं होतं, की रोज संध्याकाळी ते मुलीला समोर बसवून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावायचे. एक उच्चार चुकला की ओळ पुन्हा पहिल्यापासून. बाई म्हणायच्या, "माझ्या वर्गातून गेलेल्या पोराला कुठल्याही टेबलासमोर उभं राहताना लाज वाटता कामा नये. एवढं झालं की मी सुटले."

त्यामुळे वर्गात नियम कडक. एखादं पोर उठून म्हणालं, "बाई, माजी पाटी घरी हाय," तर बाई हात वर करून थांबायच्या. पोर पुन्हा म्हणायचं, "माझी पाटी घरी आहे." मगच पुढचं बोलणं. पोरांनी त्यांचं नाव पाडलं होतं 'आहेबाई'. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

कष्टाला त्या कमी नव्हत्या. स्कूटीवरून रोज यायच्या, माझ्या आधी दार उघडायच्या. वर्षातून दोन-तीनदा मुलांच्या वाचनाचा तक्ता भरून वर पाठवावा लागे. कोणाला अक्षरं येतात, कोणाला शब्द, कोणाला वाक्य, कोण सबंध गोष्ट वाचतो. आमच्या तक्त्यात सगळी मुलं शेवटच्या रकान्यात असायची. आपण खोटं लिहितोय असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नाही. मुलं पुस्तक हातात धरून खडाखडा वाचताना आम्ही आमच्या कानांनी ऐकत होतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीची सुट्टी संपता संपता बाई बोईसरच्या बाजारात गेल्या होत्या. तिथे हिरा पागधरे सुके बोंबील घेऊन बसलेली होती. हिरा आमच्याच वाडीतली. शेजारी तिची मुलगी हेमाली. हेमाली बाईंच्या हाताखालून गेलेल्या पहिल्या तुकडीतली, आता एकोणीस वर्षांची झालेली. पुढे मोठ्या गावातल्या शाळेत आठवीपर्यंत गेली आणि मग एका कंपनीत पॅकिंगला लागली, एवढं बाईंना माहीत होतं.

"तू इथे कशी गं? आज सुट्टी का?" बाईंनी विचारलं.

हेमालीने आईकडे पाहिलं. हिराच म्हणाली, "काम सुटला तिचा. का सुटला त्ये सांगत पन नाय."

हेमालीने थोडा वेळ माशा हाकलल्या. मग मोबाइल काढला आणि आईला दिसणार नाही अशा बेताने बाईंपुढे धरला. "बाई, ह्या कागदावर काय लिवलंय त्ये वाचून सांगाल?"

एका कागदाचा फोटो होता. मराठीत टाइप केलेल्या चार ओळी. 'मी माझ्या घरगुती अडचणींमुळे स्वखुशीने काम सोडत आहे. माझी कंपनीबद्दल कोणतीही तक्रार नाही.' खाली वळणदार सही, हेमाली पागधरे.

बाईंनी वाचून दाखवलं. हेमाली ऐकत राहिली. "सुपरवायजर म्हनला, नव्या ड्रेसचा कागद हाय, सगळ्यांनी सही करा. आमी सातजणींनी केली. दुसऱ्या दिवशी गेटवर ह्यो कागद दाखवला, म्हनले तुमचा नाव नाय. मी फोटो काढून घेतला."

"अगं पण सही करण्याआधी वाचलं का नाहीस?"

"वाचता नाय येत ना बाई."

बाईंनी नंतर मला सांगितलं, की त्या क्षणी त्यांना आधी रागच आला. त्या म्हणाल्या, "असं कसं? चौथीत मी तुला वाचनात 'अ' श्रेणी दिली होती."

"दिली होती," हेमाली म्हणाली. "मला पन बरा वाटला होता तवा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असं बाई म्हणाल्या. टोमणा असता तर सोपं गेलं असतं. तिने सरळ सांगितलं, की तुम्ही धडा चार-पाच वेळा म्हणून घ्यायच्या. माझा कान चांगला. चित्र बघून कुठला धडा ते कळायचं, मग मी म्हणायची. पुढच्या शाळेत मागच्या बाकावर बसले, तिथे कोणी उठवलंच नाही. सही मात्र वहीभर गिरवून शिकले.

शाळा सुरू झाली त्या सोमवारी बाई माझ्या खोलीत आल्या आणि उभ्या उभ्या हे सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "सर, या वेळचा तक्ता मी पुन्हा तपासून भरणार. पुस्तकातला धडा नाही देणार. त्यांनी कधीच न पाहिलेला मजकूर देणार."

मी नोकरीत तीस वर्षं काढली होती. मला पुढचं सगळं दिसलं. "बाई, फक्त आपल्याच शाळेत मुलं मागे दिसली तर नोटीस आपल्यालाच येईल. बाकीच्या शाळा काय धुतल्या तांदळाच्या आहेत?"

"बाकीच्या शाळांत मी शिकवत नाही, सर."

"आणि हेमालीला अक्षरओळख कोणी करून दिली, ठाऊक आहे ना? पहिली-दुसरीला ती माझ्याकडे होती."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्याकडे आले," बाई म्हणाल्या.

मी रागावून त्यांना वर्गावर जायला सांगितलं. पण मन लागेना. मधल्या सुट्टीनंतर मी पाचवीतल्या कुशलला बोलावलं. कुशल म्हणजे आमच्या शाळेचा हुकमी एक्का. पाहुणे आले की त्यालाच वाचायला उभा करायचो. मी त्याच्या हातात पुस्तक दिलं. त्याने छाती पुढे काढून सुरुवात केली. एक परिच्छेद झाल्यावर मी सहज म्हणून पानावर तळहात ठेवला. कुशल थांबला नाही. माझ्या हाताकडे बघत तो पुढच्या दोन ओळी बिनचूक म्हणत गेला.

मग मी गोष्टीचं नवं पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवलं. पहिल्या शब्दावर तो अडला. चित्राकडे पाहिलं, माझ्या ओठांकडे पाहिलं, घाम फुटला त्याला. "सर, ह्यो धडा बाईंनी घेतला नाय," तो म्हणाला.

मी त्याला डोक्यावर हात ठेवून वर्गात पाठवलं आणि खुर्चीत बसून राहिलो. त्या पोराला मी किती लोकांपुढे मिरवलं होतं. त्याला काय येत नाही हे एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तक्ता भरून आणला. तेवीस मुलांपैकी नऊ जणांना वाक्य वाचता येत नव्हतं. त्यातल्या चौघांना अक्षरंही धड लागत नव्हती. मी खाली सही केली.

पुढचे दोन महिने फार वाईट गेले. आमचं केंद्र म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळा. त्यांचे केंद्रप्रमुख कृष्णकांत सावे तसे भले गृहस्थ, पण तक्ता पाहून ते धावतच आले. "गुरव सर, निवृत्तीला दोन वर्षं राहिली तुमची. हे काय आरंभलंत? सगळ्या केंद्राचा आकडा खाली आला." त्यांनी बाईंना समजावलं, मग दटावलं, मग कारणे दाखवा नोटीस हातात ठेवली. शिक्षकांच्या बैठकीत बाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. एक जण तर मला ऐकू जाईल असं म्हणाला, "आहेबाईंना हरिश्चंद्र व्हायचंय."

नोटिशीला बाईंनी दोन ओळींचं उत्तर दिलं. 'मुलांची स्थिती आहे तशी लिहिली आहे. मार्चपर्यंत किती सुधारणा झाली तेही आहे तसं लिहीन.'

पण लिहिणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. नऊ मुलांना बाजूला बसवून बाईंनी पुन्हा अ-आ-इ सुरू केलं. मुलं कंटाळली. दहा वर्षं ज्या पद्धतीने जमलं नव्हतं ती आता कशी जमणार? एक दिवस बाई म्हणाल्या, "सर, मला वाटतं चूक कुठे झाली ते आपल्याला माहीतच नाही. जिच्या बाबतीत चूक केली तिलाच विचारून येते."

हेमालीकडे जायला त्यांना तीन दिवस लागले. संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्या किनाऱ्यावर गेल्या. आडव्या बांधलेल्या बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले होते आणि हिरा आणि हेमाली खाली बसून वाळलेले काढून टोपलीत भरत होत्या. बाई वाळूतच बसल्या. म्हणाल्या, "हेमाली, मी तुला फसवलं. मुद्दाम नाही, पण फसवलं. मला माफ कर."

हेमाली गोंधळून उठूनच उभी राहिली. हिरा मात्र बोंबील काढता काढता म्हणाली, "माफी नको बाई. शिकवता काय तिला त्ये बोला."

"शिकवते. पण आधी मला सांग, तुला कशामुळे जमलं नाही?"

हेमाली पुन्हा खाली बसली. मग म्हणाली, "बाई, तुमी बोलायच्या त्ये शब्द माझ्या घरात कोनाच्याच तोंडात नवते. मी काय पन बोलली का तुमी हात वर करायच्या. मग मी बोलायचीच बंद झाली. जे बोलायची नाय त्ये वाचू कशी?" आणि तिने विचारलं, "बाई, आमी बोलतो त्ये लिवता येतं का हो?"

बाईंनी ओल्या वाळूवर बोटाने लिहिलं, 'आय घरात हाय.'

त्या वाडीत आईला 'आय'च म्हणतात. हेमालीला सुट्टी अक्षरं बरीचशी येत होती, ती जुळत नव्हती इतकंच. ती वाकली. आ, य. मग एकदम जोडून "आय." मग "घरात." शेवटच्या शब्दावर ती हसायलाच लागली. "हाय! बाई, तुमी 'हाय' लिवलाय!"

"माझ्या वडिलांनी, अण्णांनी हे पाहिलं असतं तर त्यांनी मला पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लावलं असतं," दुसऱ्या दिवशी बाई मला म्हणाल्या. हसत होत्या, पण डोळे भरलेले होते. "सर, अण्णांना लोक हसले म्हणून त्यांनी मला शुद्ध केलं. आणि मी काय केलं? या पोरांना मी स्वतःच हसत राहिले की."

त्या दिवसापासून वर्गातला वर उचललेला हात खाली आला. सकाळी पहिला तास बोलण्याचा. काल काय झालं ते ज्याने त्याने आपल्या बोलीत सांगायचं. बाई ते जसंच्या तसं फळ्याच्या डाव्या बाजूला लिहायच्या. 'बाबाच्या जाल्यात मोठा कासव गावला. बाबानी सोडून दिला.' ज्याचं वाक्य तो वाचायला पुढे. स्वतःचंच बोलणं असल्यामुळे अर्थाला अडत नसे, सगळं लक्ष अक्षरावर. मग उजव्या बाजूला तेच वाक्य पुस्तकाच्या भाषेत. "हे घरचं, हे पुस्तकाचं. दोन्ही आपलं," बाई सांगायच्या. मी मनातून धास्तावलेलो होतो. शुद्धलेखनाचं वाटोळं होणार, असं मी बोलूनही दाखवलं. पण महिन्याभरात पहिली-दुसरीच्या फळ्यावर मीही मधोमध रेघ मारली.

जानेवारीत एक दिवस कृष्णकांत सावे न सांगता आले. मागे उभे राहून त्यांनी तास पाहिला. फळ्यावर डावीकडे 'आमची बोट खाडीत रुतली' असं काहीसं लिहिलेलं होतं आणि कुशल बोटाने एकेक अक्षर धरत वाचत होता. सावे स्वतः याच किनाऱ्यावरचे. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "माझी आजी असंच बोलायची," एवढंच म्हणाले. नोटिशीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मार्चचा तक्ता आला. नऊपैकी सहा जण नवी गोष्ट वाचू लागले होते. तिघांना अजून वाक्यही जमत नव्हतं. मी म्हटलं, "बाई, दोघं अगदी काठावर आहेत. वाक्याच्या रकान्यात टाकूया."

"काठावर म्हणजे अलीकडेच ना, सर?" त्या म्हणाल्या आणि तीन असंच लिहिलं. आमची शाळा त्या वर्षी केंद्रात खालून दुसरी आली.

हेमालीचा अभ्यास किनाऱ्यावर चालूच होता. उन्हाळ्यात तिला दुसऱ्या एका कंपनीत कामाचं बोलावणं आलं. तो किस्सा तिनेच मला सांगितला. गेटवर पंधरा-वीस बायका रांगेत. बहुतेक सरावलीकडच्या चाळींतून आलेल्या, कोणी विदर्भातल्या, कोणी उत्तरेकडच्या. टेबलावर कागद आणि पेन. एकेकजणी सही किंवा अंगठा करून आत जात होती. हेमालीने कागद उचलला आणि बोट ठेवून वाचायला लागली. टेबलामागचा माणूस म्हणाला, "जल्दी करो, साइन करो."

"पडके करती मैं," हेमाली म्हणाली.

"अरे, सबका वही है."

"तो सबका पडती."

दोन पानं वाचायला तिला वीस मिनिटं लागली. जोडाक्षरांपाशी अडत होती. मागच्या बायका आधी कुरकुरल्या. मग तिच्या मागे उभी असलेली वैभवी नावाची बाई, यवतमाळची, पुढे सरकून म्हणाली, "बाई, थोडं मोठ्यानं वाच ना. मलाही ऐकू दे." हेमाली मोठ्याने वाचू लागली. तिला कळेना ते शब्द तिने त्या माणसालाच विचारले आणि एवढ्या बायका कान देऊन उभ्या असल्यावर त्यालाही सांगावे लागले. कागदात वावगं काहीच नव्हतं. हेमालीने सही केली आणि आत गेली. पण त्या दिवसापासून कंपनीतला कुठलाही कागद आधी तिच्याकडे येतो. वैभवी आणि आणखी चौघी रविवारी सरावलीला उषाबाईंच्या घरी ओट्यावर बसून वाचायला शिकतात. बाईंबरोबर हेमालीही शिकवते. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे ती त्यांच्यापेक्षा बरी शिकवते, कारण कोणता शब्द कुठे टोचतो ते तिला ठाऊक आहे.

या वर्षी मे महिन्यात मी निवृत्त झालो. वाडीतल्या लोकांनी शाळेच्या अंगणात मंडप घातला, शाल-नारळ दिला. सावे बोलले. माझ्या शिस्तीचं, साधेपणाचं कौतुक झालं. निरोपाच्या भाषणात माणूस नसतो तेवढा मोठा होतो. मग उषाबाई उभ्या राहिल्या.

"गुरव सरांबद्दल मी एकच सांगते," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी मी वाचनाचा खरा तक्ता भरणार, असं म्हटलं तेव्हा ते माझ्यावर रागावले. मला वर्गावर जायला सांगितलं. मग त्यांनी स्वतः एका मुलाला बोलावून तपासलं. दुसऱ्या दिवशी सही केली. पंचावन्न वर्षांच्या माणसाने एका दिवसात आपलं मत बदललेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं आहे."

सावे खाली मान घालून हसत होते. माझी बायको माझ्याकडे बघत होती, कारण तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी उठलो, माईकजवळ गेलो आणि म्हणालो, "बाईंनी एक चूक केली. मला तेव्हा पंचावन्न नाही, छप्पन पुरी होऊन गेली होती."

लोक हसले. बाईंनी तिथल्या तिथे पदर सावरून हात जोडले, "चूक झाली, सर. दुरुस्त करते."

आता मी बोईसरला राहतो. जूनपासून आठवड्यातले तीन दिवस सकाळची टमटम पकडून वाडीवर जातो. तक्त्यात मागे राहिलेल्या त्या तिघांपैकी दोघं आता वाचतात. तिसरा जानू अजून अडखळतो. बाईंना बाकीचे वर्ग असतात, म्हणून त्याच्याशेजारी मी बसतो. त्याला होड्यांच्या इंजिनांचं भलतं वेड. परवा त्याने मला इंजिन कसं बंद पडतं ते इतकं सविस्तर सांगितलं, की लिहून घेताना माझी वही भरली. आज त्यातली पहिली साडेतीन वाक्यं त्याने वाचली. चौथं अर्ध्यावर सोडून तो म्हणाला, "सर, इतं तुमी चुकीचा लिवलाय. पंखा आधी अडकतो, मग इंजिन गरम होतो."

मी खोडरबर काढलं आणि त्याने सांगितलं तसं लिहिलं.